पाळीची सूट मिळेल, तपासणीचं काय?

केरळने जानेवारी 2023 मध्ये विद्यापीठांतल्या मुलींसाठी हजेरीची अट 75 वरून 73 टक्क्यांवर आणली. पाळीमुळे लेक्चर बुडालं तरी परीक्षा हुकू नये, हा हेतू. अशी सूट आपल्याकडेही हवीच. पण दर महिन्याला घरी झोपून राहावं लागेल इतकं दुखत असेल, तर नुसती सूट पुरत नाही. ‘असंच असतं, सहन कर’ या सल्ल्यावरच मग सरकारी शिक्का बसतो.

डॉक्टरकडे कधी जायचं? तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतंय, रक्तस्राव सात दिवसांच्या पुढे जातोय, तीन महिने पाळीच आली नाही किंवा गोळ्या घेऊनही दुखणं थांबत नाही, तर टाळू नका. मागे थायरॉईड, पीसीओएस, एंडोमेट्रिओसिस किंवा रक्त गोठण्यातला दोष असू शकतो. जास्त रक्त गेलं की अ‍ॅनिमिया वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुली आधीच अ‍ॅनिमिक आहेत. यातल्या बहुतेक तक्रारी औषधांनी आटोक्यात येतात. ‘लग्न झालं की ठीक होईल’ हा काही उपचार नव्हे.

म्हणून कॉलेजकडे हजेरीच्या सवलतीसोबत हिमोग्लोबिन तपासणी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलायची सोयही मागा. आणि पाळीच्या तारखा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. डॉक्टर आधी तेच विचारतात.