केबल तोडण्याआधी घरात विचारा

नेरूळच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "ताई, आमच्याकडे केबलला महिन्याला साडेचारशे रुपये जातात, वायफायचे वेगळे. मुलं म्हणतात, केबल काढून टाक, सगळं इंटरनेटवर येतं. ह्यांचं म्हणणं, तूच काय ते ठरव. सासूबाई काहीच बोलत नाहीत, पण संध्याकाळी सात वाजले की टीव्हीसमोर बसलेल्या असतात. मी काय करू?"

असा प्रश्न आज वाशीपासून खारघरपर्यंत घरोघरी आहे. ट्रायच्या आकड्यांप्रमाणे डीटीएचचे ग्राहक एके काळी सात कोटींच्या आसपास होते, ते २०२५ पर्यंत सहा कोटींच्या खाली आले. म्हणजे छत्री नि केबल सोडणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. पण शेजारणीनं सोडली म्हणून आपणही सोडावी, हे काही कारण नव्हे. शेजारणीच्या घरची माणसं वेगळी, आपल्या घरची वेगळी.

थोडं मागे वळून पाहा. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा निवडायला काही नव्हतंच. एक वाहिनी, गच्चीवर अँटेना, आणि 'गजरा' किंवा 'छायागीत' लागलं की अर्धी चाळ एकाच खोलीत! १९९१ च्या आखाती युद्धानंतर केबल आली नि गॅलऱ्यांतून तारा लोंबू लागल्या. २०१२ च्या अखेरीस मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, मग इतर शहरांत. १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून घ्यायचा नियम आला. हे सगळं वरून ठरलं, आपण फक्त पैसे मोजले. आता प्रथमच निर्णय आपल्या दिवाणखान्यात होतो आहे. तेव्हा तो नीट, सगळ्यांना विचारून करू या.

आधी एक आठवडा वही ठेवा

दुधाच्या हिशेबाची वही असते ना, तशीच ही. टीव्हीजवळ वही नि पेन्सिल ठेवा. कोण, किती वाजता, कोणती वाहिनी पाहतं, एवढंच लिहायचं. आठवड्यानंतर पान उघडलंत की बहुतेक घरांत असं दिसेल, की पैसे दीड-दोनशे वाहिन्यांचे जातात आणि पाहिल्या जातात सहा किंवा सात! दोन मराठी मालिकांच्या, एक बातम्यांची, एखादी भक्तिगीतांची, मुलांचं कार्टून, आणि सामना असला की क्रिकेट.

शेजारी आणखी एक रकाना आखा: "हे त्याच वेळी पाहायला हवं की नंतर पाहिलं तरी चालेल?" मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिली तर काही बिघडत नाही. सामना नि निवडणुकीचा निकाल मात्र शिळा झाला की चव गेली. आणि आजींच्या बाबतीत सात म्हणजे सातच, कारण ती त्यांच्या दिवसाची घडी असते. हा रकाना भरला की अर्धा निर्णय झालाच.

समोरच्या वाटा

पहिली वाट, केबल ठेवायची पण छाटायची. हे पुष्कळजणींना सुचत नाही. केबलवाला 'पॅक' देतो तो आपण मुकाट्यानं घेतो. पण नियमाप्रमाणे हवी ती वाहिनी सुटी मागता येते, तिची किंमत पडद्यावरच्या यादीत दिसते. त्याशिवाय जोडणीचा आकार असतो. २०१९ मध्ये तो शंभर वाहिन्यांना १३० रुपये होता, २०२० पासून तेवढ्यात दोनशे वाहिन्या द्याव्या लागल्या, आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ही मर्यादा काढली. म्हणून आता तुमच्या केबलवाल्याचा आकार किती, हे विचारूनच घ्या. वर १८ टक्के जीएसटी धरा. वहीतल्या सात वाहिन्यांचा हिशेब करून दाखवलात, तर कित्येकदा केबल न तोडताच बिल खाली येतं.

दुसरी वाट छत्रीची, म्हणजे डीटीएचची. पाहायचं ते एकच, आपल्या घराला दक्षिण ते आग्नेय बाजूचं मोकळं आभाळ दिसतं का. आपल्याकडे वापरात असलेले उपग्रह त्याच बाजूला आहेत. तुमची गॅलरी उत्तरेला असेल किंवा समोर वीस मजली टॉवर उभा असेल, तर छत्री गच्चीवर लावावी लागेल आणि त्याला सोसायटीची परवानगी हवी.

तिसरी वाट डीडी फ्री डिश. दूरदर्शननं ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू केली. छत्री नि बॉक्स एकदा विकत घेतला की महिन्याची वर्गणी नाही. सह्याद्री वाहिनी मिळते. २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, ते इथे फुकट दिसतं. पण खासगी वाहिन्या इथे लिलावानं येतात नि जातात, आणि वर्गणीच्या मोठ्या मराठी वाहिन्या मिळत नाहीत. आजींची मालिका त्यातलीच असेल, तर एकट्या फ्री डिशवर भागणार नाही.

चौथी वाट इंटरनेटची, आणि तिला दोन फाटे आहेत. ते नीट समजून घ्या, कारण गोंधळ इथेच होतो.

एक फाटा ब्रॉडबँड कंपनीच्या टीव्ही बॉक्सचा. फायबरच्याच तारेतून थेट वाहिन्या येतात, केबलसारख्या एकामागून एक. जिओच्या बॉक्सवर हे मिळतं, एअरटेलनंही मार्च २०२५ मध्ये अशी सेवा सुरू केली. आपल्या सेक्टरमध्ये, आपल्या इमारतीत ती पोचली आहे का, हे मात्र आधी विचारा.

दुसरा फाटा निरनिराळ्या अ‍ॅपचा. मुलं म्हणतात ते हे. इथे अडचण अशी, की सगळं एका छताखाली नाही. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. जणू कांदे एका बाजारात, बटाटे दुसऱ्या आणि कोथिंबीर तिसऱ्या! तिन्हींची वर्गणी भरलीत तर केबल बरी होती, असं म्हणायची पाळी येईल. मात्र काही गोष्टी फुकट आहेत त्या विसरू नका. मराठी बातम्यांच्या बऱ्याच वाहिन्या यूट्यूबवर थेट चालू असतात. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्ह्ज' नावाचं अ‍ॅप काढलं आहे, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट पाहता येतात.

हिशेब वर्षाचा करा

जाहिरातीत महिन्याचा आकडा मोठा नि अटी बारीक. आपण कागदावर वर्षाचा खर्च मांडायचा आणि बाराने भागायचा. त्यात हे सगळं धरा: वर्गणी, जीएसटी, बॉक्सची अनामत रक्कम, टीव्ही जुना असेल तर त्याला लावायची स्टिक, आणि वायफायचा मोठा प्लॅन घ्यावा लागला तर त्याचा फरक. चांगल्या स्वच्छ चित्राला साधारण ५ एमबीपीएसचा वेग पुरतो, फोर-केला १५ ते २५ लागतो. पण त्याच वेळी लेकीचा ऑनलाइन क्लास नि यजमानांची मीटिंग चालू असणार, तेव्हा नुसत्या टीव्हीपुरता वेग घेऊन चालत नाही. मोबाइलच्या डेटावर टीव्ही पाहायचा विचार तर सोडाच. स्वच्छ चित्र तासाला दोन-तीन जीबी खातं.

आणखी एक विचारून ठेवा, एका वर्गणीत एकाच वेळी किती पडदे चालतात? बाहेर आजींची मालिका, आतल्या खोलीत नातवाचा सामना, आणि मध्येच "मर्यादा संपली" असं आलं की घरात सामना वेगळाच रंगतो.

सामन्यावरून आठवलं. इंटरनेटवरचं थेट चित्र केबलच्या काही सेकंद मागे असतं. आपल्याकडे गोलंदाज अजून धावतोय, आणि शेजारी "आउट!" म्हणून ओरडलेले असतात. क्रिकेटवेडं माणूस घरात असेल तर त्याला हे आधीच सांगा.

पाऊस नि वीज

नवी मुंबईचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. जुलैत कोसळू लागला की छत्रीवरचं चित्र थिजतं, जोर ओसरला की परत येतं. फायबरला पावसाचं असं भय नसतं, पण रस्त्याच्या खोदकामात तार तुटली की टीव्ही, फोन, क्लास सगळं एकदमच बंद. वीज गेली की राउटर बंद पडतो. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो घेऊन ठेवावा. सगळी अंडी एका टोपलीत नकोत असं वाटत असेल, तर इंटरनेटच्या जोडीला गच्चीवर एक फ्री डिश असू द्यावी. तिला महिन्याचा खर्च नाही.

आता खरी गोष्ट

पैशाचं गणित मुलंसुद्धा करून देतील. पण दुपारी एक वाजता घरात कोण असतं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. बहुतेक घरांत त्या वेळी सासूबाई एकट्या असतात, किंवा आपण.

केबलचा रिमोट आजींना पाठ असतो. लाल बटण दाबलं, आकडा दाबला, मालिका आली. नव्या टीव्हीवर आधी अ‍ॅप शोधा, मग नाव निवडा, मग "पुन्हा लॉगिन करा" असं येतं, आणि ओटीपी जातो तो चिरंजिवांच्या मोबाइलवर. ते बेलापूरच्या ऑफिसात, फोन सायलेंटवर! म्हातारं माणूस तक्रार करत नाही. "राहू दे, मला तसंही डोळ्यांना त्रास होतो," असं म्हणून गप्प बसतं. आपण समजतो त्यांना टीव्हीची आवड उरली नाही. वाचवलेले दोन-अडीचशे रुपये कुणाच्या वाट्याचे होते, हे मग ध्यानात येतं.

आणि हे आजींपुरतंच नाही. कित्येक घरांत सगळी खाती यजमानांच्या नंबरवर, पासवर्ड मुलाला ठाऊक, आणि दिवसभर घर सांभाळणारी बाई टीव्ही लावायला संध्याकाळची वाट पाहते. म्हणून माझं सांगणं, जी घरात असते तिच्या मोबाइल नंबरवर खातं उघडा. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. वर्गणी आपोआप कापली जाण्याची सोय कुठे चालू आहे, तेही लिहा. नाहीतर पाहणं थांबतं नि पैसे जातच राहतात.

आजींसाठी बोलून शोधायचा रिमोट घ्या. बहुतेक नव्या टीव्हींवर मराठीत मालिकेचं नाव घेतलं की चालतं. मोठ्या अक्षरांत तीनच पायऱ्या लिहून कागद भिंतीवर लावा. हे काम नातवंडांवर सोपवा, ती आनंदानं करतात.

तोडा, पण महिन्यानंतर

नवी सेवा घेतलीत तरी केबल लगेच बंद करू नका. एक महिना दोन्ही चालू द्या. तेवढा जादा खर्च फुकट जात नाही. त्या महिन्यात एक दिवस मुद्दाम घराबाहेर जा आणि सासूबाईंना एकटीनं मालिका लावता येते का ते पाहा. आली लावता, तर केबल बंद करा. बंद करताना सेट-टॉप बॉक्स भाड्याचा असेल तर परत द्या, पावती घ्या, अनामत परत मागा. नाही आली, तर केबल छाटून ठेवा नि मुलांसाठी एखादंच अ‍ॅप घ्या.

नेरूळच्या भगिनीला माझं उत्तर असं: तुमच्या सासूबाई काही बोलत नाहीत, तेव्हा त्यांना तुम्हीच विचारायला हवं. "केबल काढू का?" असं विचारलंत तर "काढ" म्हणतील. "तुम्हाला काय काय पाहायचं असतं, सांगा, मी लिहून घेते," असं विचारा. मग वहीचं पहिलं पान त्यांच्या नावानं लिहा.