डाव्या हातातली पेन्सिल काढून घेऊ नका

मूल डाव्या हातानं लिहू लागलं की पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायची, ही रीत मराठवाड्यात अजून मोडलेली नाही. त्यामागचा हेतू चांगला असतो, समज मात्र चुकीची आहे. डावखुरेपणा ही वाईट सवय नव्हे, ती मेंदूची घडण आहे. जगभरातल्या २३ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी एकत्र करून २०२० मध्ये झालेल्या अभ्यासात डावखुऱ्यांचं प्रमाण सुमारे साडेदहा टक्के आढळलं. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. हाच हिशेब लावला तर जिल्ह्यात सव्वा लाखाच्या घरात डावखुरे निघतील. ते दिसत नाहीत, कारण अनेकांचा हात लहानपणीच वळवलेला असतो. ही घडण जन्माआधीच सुरू होते. गर्भात अंगठा चोखणाऱ्या ७५ बाळांचा बेलफास्टच्या संशोधकांनी पुढे दहा-बारा वर्षांनी मागोवा घेतला. उजवा अंगठा चोखणारी सगळी ६० मुलं उजव्या हाताची निघाली, तर डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी.

हाताचा आणि मेंदूचा हा संबंध झोपेतही चालू राहतो. डाव्या हाताचा कारभार मेंदूच्या उजव्या गोलार्धाकडे असतो, उजव्या हाताचा डाव्याकडे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये काही निरोगी माणसांचा एक हात दिवसभर बांधून ठेवला. त्या रात्री गाढ झोपेतल्या मंद लहरी मेंदूत त्या हाताच्या भागापुरत्या कमी झाल्या. याच गटानं २००४ मध्ये उलट बाजू दाखवली होती: हातानं नवं कौशल्य शिकल्यावर संबंधित भागात त्या लहरी वाढल्या, आणि ज्यांच्यात त्या अधिक वाढल्या त्यांचा हात सकाळी अधिक सुधारलेला होता. म्हणजे दिवसा गिरवलेलं अक्षर मेंदू रात्री पक्कं करतो, आणि ते गिरवणाऱ्या हाताच्या जागी करतो. मुलाचा कल एका हाताकडे असताना धडे दुसऱ्या हाताला देत राहिलो, तर ही सगळी मेहनत आपण आडवाटेनं करवून घेतो.

मेंदू लवचिक आहे, लहानपणी वळवला तर वळेल, असं कोणी म्हणेल. मूळचे डावखुरे, पण लहानपणी उजव्या हातानं लिहायला लावलेले, अशा प्रौढांच्या मेंदूच्या प्रतिमा २००७ मध्ये तपासल्या गेल्या. प्रत्यक्ष हालचाल करवणारा भाग बदलला होता, हालचालीची आखणी करणारे भाग मात्र डावखुऱ्यांसारखेच राहिले होते. दुसरी शंका आरोग्याची. डावखुऱ्यांची झोप बिघडते, असं सांगितलं जातं. त्यासाठी दाखवल्या जाणाऱ्या एका अभ्यासात झोपेत पाय झटकण्याचा त्रास डावखुऱ्यांना दोन्ही बाजूंना अधिक आढळला. पण त्यातले शंभरही जण आधीच झोपेच्या तक्रारीनं दवाखान्यात आलेले होते, आणि डावखुरे अवघे सोळा. एवढ्यावरून कुणाच्या मुलाला आजारी ठरवता येत नाही. डावखुरे लवकर मरतात, हा १९९१ चा गाजलेला दावाही असाच कोसळला: म्हाताऱ्यांत डावखुरे कमी दिसत होते, कारण त्यांच्या पिढीचे हात शाळेत आणि घरात वळवले गेले होते.

उरतो प्रश्न रीतीभातीचा. औंढ्याच्या नागनाथाचा प्रसाद उजव्या हातात घ्यावा, जेवताना उजवा हात वापरावा, हे मुलाला शिकवता येतं. त्यासाठी लिहिण्याचा हात बदलावा लागत नाही. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हातानं करत आला आणि सही डाव्या हातानं. कात्रीपासून दातेरी विळ्यापर्यंत बहुतेक अवजारं उजव्या हातासाठी घडतात, ही अडचण खरी आहे. पण ती अवजाराची आहे, मुलाची नव्हे.

शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली आहे. डाव्या हातावर मारलेली पट्टी त्यातच मोडते. जिल्हा परिषदेनं पाचही तालुक्यांतल्या शाळांना आणि अंगणवाड्यांना तशी स्पष्ट सूचना द्यावी, डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावं, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी त्याची टक्कर होणार नाही. आणि आईवडिलांनी एवढंच करावं: मूल ज्या हातानं लिहितं, त्या हातानं त्याला लिहू द्यावं आणि रात्री पुरेसं झोपू द्यावं.