विश्लेषण : ‘महास्वयम’वर नाव आहे, पण नोकरी कुठे आहे?

नागपूरच्या दक्षिण टोकाला असलेल्या हुडकेश्वरमध्ये मुलाची बारावी किंवा आयटीआय झाली की वडीलधारी माणसे आजही सांगतात, ‘एम्प्लॉयमेंटमध्ये नाव टाकून ठेव.’ त्यासाठी आता सिव्हिल लाइन्समध्ये रांग लावावी लागत नाही. राज्य सरकारच्या ‘महास्वयम’ संकेतस्थळावर मोबाइलवरून विनामूल्य नोंदणी होते. प्रश्न त्यापुढचा आहे.

‘महास्वयम’ काय आहे?

रोजगार, कौशल्य प्रशिक्षण आणि स्वयंरोजगार यांसाठीची राज्याची वेगवेगळी संकेतस्थळे एकत्र करून ते तयार झाले. उमेदवार आपले शिक्षण व कौशल्य नोंदवतो, कंपनी रिक्त पदे टाकते. केंद्राचेही ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे असेच संकेतस्थळ 2015 पासून सुरू आहे. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हा ‘महास्वयम’ घराघरांत पोहोचले. बारावी उत्तीर्णांना 6 हजार, आयटीआय व पदविकाधारकांना 8 हजार आणि पदवीधरांना 10 हजार रुपये महिना विद्यावेतन थेट बँक खात्यात जमा होणार होते. सहा महिन्यांची मुदत संपत आली तसे प्रशिक्षणार्थी ‘पुढे काय?’ म्हणून रस्त्यावर उतरले. सरकारने मुदत 11 महिने केली. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र संकेतस्थळाकडेही नव्हते.

अडते कुठे?

हुडकेश्वरच्या मुलाला ‘ठिकाण : नागपूर’ एवढे वाचून काहीच कळत नाही. जिल्ह्यात 14 तालुके आहेत. काम बुटीबोरीला असेल तर एका बाजूचे अंतर पंचवीसएक किलोमीटर. हिंगणा एमआयडीसी म्हणजे शहराचे दुसरे टोक. मेट्रोची एक मार्गिका वर्धा रोडने, तर दुसरी हिंगणा रोडकडे जाते. हुडकेश्वर दोन्हींपासून दूर. कंपनीची बस आहे का, रात्रपाळी आहे का, पगार हातात किती पडेल आणि काम थेट कंपनीत की कंत्राटदाराकडे, यावर बारा-पंधरा हजारांची नोकरी परवडते की पेट्रोलातच जाते हे ठरते. मुलींच्या बाबतीत तर बस आणि पाळी याच दोन गोष्टींवर घरचा होकार अवलंबून असतो. जाहिरातीत हे रकाने सक्तीचे का नसावेत?

दुसरी अडचण उत्तराची. अर्ज केल्यावर तो पाहिला गेला, नाकारला गेला की जागाच भरली गेली, हे कळले नाही तर उमेदवार दोन-तीनदा प्रयत्न करतो आणि नाद सोडतो. मग ‘रजिस्ट्रेशन फी’ मागणाऱ्या एजंटांचे फावते. सरकारी व्यवस्थेने गमावलेल्या विश्वासाची किंमत अशी बेरोजगाराच्या खिशातून वसूल होते.

कायदा काय सांगतो?

1959 च्या सेवायोजन कार्यालये कायद्याने 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त पदे कळवणे बंधनकारक केले होते. न कळवल्यास पहिल्या वेळी दंड फार तर 500 रुपये! एवढ्या रकमेला कोणती कंपनी घाबरेल? त्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ‘करिअर केंद्रा’च्या व्याख्येत तिने पोर्टललाही स्थान दिले, म्हणजे संकेतस्थळ आता नुसती सोय राहिलेले नाही. मात्र कळवलेल्या जागेवर तिथलाच उमेदवार घेण्याचे बंधन तेव्हाही नव्हते, आजही नाही. ते नसावे हेच योग्य. सक्तीने लादलेला माणूस कंपनी टिकवत नाही. म्हणूनच कंपनीला तिथे यावेसे वाटेल, इतकी उमेदवारांची माहिती ताजी हवी. तीन वर्षांपूर्वी नाव टाकलेला मुलगा कधीच पुण्याला निघून गेला असेल, तर एचआरवाले दहा फोन लावून कंटाळणारच.

काय करता येईल?

उमेदवाराला दर तीन महिन्यांनी ‘अजून नोकरी शोधताय का?’ असा मराठी संदेश जावा आणि एका अंकाने उत्तर देता यावे. जाहिरात 30 दिवसांनी आपोआप उतरावी; जागा भरली की नाही हे सांगितल्याशिवाय कंपनीला नवी टाकता येऊ नये. डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात ‘नमो महारोजगार मेळावा’ झाला. अशा मेळाव्यांनंतर मोठे आकडे जाहीर होतात ते नोंदणीचे आणि मुलाखतींचे. त्यातले सहा महिन्यांनंतरही कामावर किती, हा आकडा जिल्हानिहाय संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर दिसायला हवा. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींशी, उमेदवाराच्या संमतीने, पडताळणी केली तर तो काढणे अवघड नाही. सुरुवातीला तो लाजिरवाणा असेल, आणि नेमके त्याच कारणाने त्याला विरोध होईल.