नव्याकोऱ्या खेळाला ठिगळ!

नव्या कापडाला घरी आणताच ठिगळ लावावे लागले, तर आपण ते घेऊन तडक दुकानदाराकडे जातो. व्हिडिओ गेमच्या दुनियेतला न्याय मात्र उलटा. नवीकोरी डिस्क आणावी, कन्सोलमध्ये घालावी आणि पडद्यावर पहिली सूचना उमटावी ती ‘आधी अपडेट उतरवून घ्या’ अशी! मुलांना त्यात काही वावगे वाटत नाही, कारण त्यांनी दुसरी रीत पाहिलेलीच नाही. पैसे मोजणाऱ्या आई-वडिलांनी मात्र विचारायला हवे, की आपण विकत घेतले ते नेमके काय?

या ठिगळाला खेळ बनवणाऱ्यांच्या भाषेत ‘पॅच’ म्हणतात. खेळ बाजारात आल्यानंतर सापडलेल्या चुका सुधारणारी ही पुरवणी इंटरनेटवरून येते आणि कन्सोलच्या साठवणीत जाऊन बसते. १९८० आणि ९० च्या दशकांत हे शक्यच नव्हते. टीव्हीला जोडायच्या त्या खेळांची ‘कॅसेट’ अनेक मराठी घरांना आठवत असेल. तिच्यातल्या चिपवर खेळ कायमचा कोरलेला असे. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावला होता. त्यात राहिलेली चूक जन्माची सोबतीण! मारिओला एका भिंतीतून आरपार नेले, की तो कधीच न संपणाऱ्या पाण्याखालच्या जगात पोचत असे. होती ती चूकच, पण मुलांनी तिची दंतकथा केली.

अर्थात, सगळ्याच चुका अशा गोड नव्हत्या. २०१० साली निन्टेंडोच्या ‘वी’ कन्सोलवर आलेल्या ‘मेट्रॉइड : अदर एम’ या खेळात एक दार काही वेळा कायमचे बंद होई आणि पुढचा रस्ताच खुंटे. तेव्हा अमेरिकेतील निन्टेंडोने खेळाडूंकडून खेळाची नोंद असलेले कार्ड, नाही तर चक्क कन्सोलच मागवून दुरुस्ती करून दिली. आज हेच काम घरबसल्या होते. तेव्हा ‘जुने तेच सोने’ म्हणण्यात अर्थ नाही.

मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या एक्सबॉक्समध्ये हार्ड डिस्क होती, २००२ मध्ये त्याला इंटरनेट सेवेची जोड मिळाली आणि कन्सोलवर पॅचची वाट मोकळी झाली. आजचा मोठा खेळ शेकडो माणसे मिळून घडवतात. लाखो खेळाडू एका दिवसात ज्या कोपऱ्यात जाऊन पोचतात, तिथे कंपनीचे मोजके तपासनीस वर्षभरातही पोचत नाहीत. शिवाय पॅच केवळ दुरुस्ती करत नाही, भरही घालतो. ‘नो मॅन्स स्काय’ हा इंग्लंडमधील एका छोट्या कंपनीचा खेळ २०१६ मध्ये आला, तेव्हा खेळाडूंची घोर निराशा झाली होती. कंपनीने पुढे वर्षानुवर्षे फुकट पुरवण्या दिल्या आणि गेलेली पत परत मिळवली.

पण दुरुस्तीची सोय हाताशी आली, की कामातली शिस्त सैल होते, हा मनुष्यस्वभाव आहे. १० डिसेंबर २०२० रोजी पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने ‘सायबरपंक २०७७’ हा प्रौढांसाठीचा खेळ विक्रीला आणला. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या तेव्हा घरोघरी असलेल्या कन्सोलवर तो अडखळत होता, मधेच बंद पडत होता. समीक्षकांना आधी पाहायला मिळाली होती ती संगणकावरची आवृत्ती. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. तो तिथे परतला थेट जून २०२१ मध्ये. मग पॅचमागून पॅच आले आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० या पुरवणीनंतर खेळाची वाहवा झाली. पण हे वरातीमागून घोडे! शिवाय ती २.० पुरवणी जुन्या कन्सोलवर आलीच नाही. ज्यांनी सर्वांत जास्त सोसले, त्यांच्या कन्सोलवर सर्वांत चांगले ठिगळ पोचलेच नाही.

दुसरा तोटा मालकीचा. २०१५ च्या ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर ५’ चा पहिल्या दिवशीचा पॅच डिस्कवरच्या मजकुराहून मोठा होता. तो उतरवल्याखेरीज सुरुवातीचे धडे आणि मैदान रचण्याची सोय, एवढेच हाती लागे. म्हणजे डिस्क ही वस्तू नव्हे, नुसती किल्ली. उद्या कंपनीने पॅच पुरवणे थांबवले, तर ती किल्ली कोणते कुलूप उघडणार? आणि जो हात देतो तो काढूनही घेऊ शकतो. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ मधील कितीतरी गाणी परवान्याची मुदत संपल्यामुळे २०१८ मध्ये, खेळ विकल्यावर दहा वर्षांनी, पॅचद्वारे काढली गेली. घेतलेल्या पुस्तकातली पाने प्रकाशकाने घरी येऊन फाडून नेली, तर आपण गप्प बसू का?

मग पॅचवरच शुल्क बसवावे का? तोही उपाय करून झाला आहे. मायक्रोसॉफ्ट पूर्वी पहिल्यानंतरच्या पॅचसाठी शुल्क घेत असे. २०१२ मध्ये ‘फेझ’ या खेळाच्या पॅचमुळे काही खेळाडूंची नोंद खराब होऊ लागली, पण शुल्क परवडत नाही म्हणून निर्मात्यांनी नवी दुरुस्ती दिलीच नाही. भुर्दंड शेवटी खेळाडूवरच पडला. २०१३ मध्ये ते शुल्क रद्द झाले, हे योग्यच झाले.

तेव्हा बोट ठेवायचे ते दुरुस्तीवर नव्हे, विक्रीवर. डिस्कवरचा खेळ इंटरनेटशिवाय सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता आलाच पाहिजे. येत नसेल, तर तसे वेष्टनावर ठळक छापावे. सदोष माल निघाल्यास पैसे परत मिळणे हा ग्राहकाचा हक्क असावा, कंपनीची कृपा नव्हे. आणि आपल्या हातातही एक उपाय आहे. मुलाने कितीही हट्ट धरला, तरी आगाऊ नोंदणी करू नये. महिना-दोन महिने थांबावे. तोवर खेळ कसा आहे ते कळते, ठिगळे लागलेली असतात आणि पुष्कळदा किंमतही उतरते.

शिंप्याच्या हाती सुई-दोरा असावाच. पण तो आहे म्हणून फाटके कापड नव्याच्या भावाने विकण्याची मुभा त्याला मिळता कामा नये.