पावतीपुस्तक कुठंय?

आपल्या चळवळीत सगळ्यात मोठी शिवी कुठली? 'हिशेब दाखवा.' बैठकीत एवढं म्हणून बघा. लगेच तुम्ही गद्दार, फुटीर, कुणाचे तरी हस्तक. अध्यक्ष लालबुंद, खजिनदार पाणी प्यायला बाहेर, आणि मागून कुणीतरी जयभीमची घोषणा ठोकून विषयच बुडवतो. बाबासाहेबांचं नाव हिशेब झाकायला!

चार घरची भांडी घासणारी आपली माय जयंतीला शंभराची नोट देते. तिला पावती नाही. मिळाली तर स्थळप्रतीवर आकडा वेगळा. आणि हेच लोक व्यासपीठावरून शोषणावर तासभर बोलतात.

आता नवं खूळ आलंय, नेतृत्व विकास शिबीर. गारेगार हॉल, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, पाहुणे व्हिजन न् मिशन शिकवतात. आपली पोरं पिशवी न् सर्टिफिकेट घेऊन घरी. तिथं एक सवाल कुणी करत नाही: तुमच्या संस्थेची शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली? इतिवृत्तावरच्या सह्या सभेत झाल्या, की नंतर घरोघर फिरून गोळा केल्या? संस्था नोंदवायला 1860 च्या कायद्यानं सात माणसं लागतात. आमचे सात म्हणजे साहेब, साहेबांची बायको, मेहुणा, भाचा, दोन चुलते. सातवा ड्रायव्हर. (तो बिचारा सही तरी वेळेवर करतो.)

बाबासाहेबांनी 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली ती ह्याच कायद्याखाली नोंदवून. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख बाबासाहेब. एवढा विद्वान माणूस, पण सभा घरची केली नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत त्यांनी बजावलं, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. 1956 मध्ये राजकारणात उतरणाऱ्यांसाठी मुंबईत प्रशिक्षणाची शाळा सुरू केली. ते गेले आणि काही महिन्यांत शाळा बंद. आपण काय चालू ठेवलं? हारतुरे.

3 ऑक्टोबर 1957 ला रिपब्लिकन पक्ष झाला. दोनेक वर्षांतच दुरुस्त आणि नादुरुस्त! 1972 ची पँथर 1974 ला फुटली, 1977 ला बरखास्त. फूट विचारांची होती असं आपण सांगतो. असेल, काही खरीही होती. पण विचारांचं भांडण सोडवायला जागा लागते, मतदान लागतं, हरलेल्यानं बसून राहायची सवय लागते. ती कुणी लावली? नेता रुसला की नवं लेटरहेड छापायचं, एवढंच आपल्याला येतं.

तेव्हा यंदा वर्गणीला निघण्याआधी गेल्या सालचा जमाखर्च विहाराच्या भिंतीवर चिकटवा. पै न् पैचा, बिलांसकट. बँकेत दोन सह्या ठेवा, त्या एका घरातल्या नकोत. खजिनदार दोन वर्षांनी बदला, एखादी बाई करा, पावती मागायची हिंमत तिच्यात जास्त असते. संस्था ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट टाका. नाहीतर जुनाच गडी कागदावर विश्वस्त राहतो, आणि उद्या विहाराच्या जागेचा सौदा करायला बिल्डरच्या ऑफिसात तोच बसलेला दिसतो.