गाडी येथे थांबत नाही

मुंबईहून नाशिककडे येणाऱ्या गाडीने ज्याने श्रावणात एकदा तरी प्रवास केला आहे, त्याला इगतपुरी म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला जादा इंजिने जोडली जातात, एक हलका हिसका बसतो आणि गाडी सावकाश घाट चढू लागते. एक बोगदा संपतो न संपतो तोच दुसरा येतो. मधल्या उजेडात ओले कातळ, धुके आणि कुठे तरी पांढरी रेघ होऊन कोसळणारे पाणी दिसते. डब्यातील झोपाळू माणसेही त्या वेळी खिडकीशी येतात. सदतीस फुटांमागे एक फूट असा हा चढ आहे. 1865 साली या थळ घाटातून रुळांची वाट इगतपुरीला पोहोचली, तेव्हापासून आजतागायत या चढाने प्रत्येक गाडीला थोडे नमते घ्यायला लावले आहे.

आणि घाट चढून आलेली गाडी इगतपुरीला थांबत असे. हौस म्हणून नव्हे. तिला थांबावेच लागे. मागची इंजिने काढायची असत. शिवाय मुंबईच्या बाजूस तारांमधून एकदिश प्रवाह आणि इगतपुरीच्या पलीकडे प्रत्यावर्ती, अशी विभागणी अनेक वर्षे होती. एका प्रवाहावर चालणारे इंजिन दुसऱ्यावर चालत नसे. मग ते सोडायचे, दुसरे आणायचे, जोडायचे, ब्रेक तपासायचे. पाव तास सहज जाई. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी महाविद्यालयात शिकण्यासाठी इगतपुरीहून नाशिकला पॅसेंजरने ये-जा करीत असे. त्या पाव तासावर आमचे गाव जगत होते असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. फलाटावर कढई उकळत असे. कागदात गुंडाळलेला गरम बटाटेवडा, वर तळलेली मिरची, आणि हात भाजत असतानाही सोडवत नसे असा चहा. कर्जतच्या वड्याला पुण्याच्या लेखकांनी अजरामर केले. आमच्या वड्याला लेखक मिळाला नाही, एवढाच काय तो फरक. असो.

हा थांबा आता आटत चालला आहे. तारांमधील प्रवाह मुंबईपर्यंत सर्वत्र एकच झाला. ते काम 2015 साली पूर्णत्वास गेले. इंजिने बदलण्याची गरज संपली. 10 फेब्रुवारी 2023 रोजी मुंबई-शिर्डी वंदे भारत सुरू झाली. ही गाडी मागे इंजिन न लावता स्वतःच्या बळावर घाट चढते. स्वदेशात तयार झालेली गाडी ब्रिटिशांच्या काळातील अभियंत्यांना अवघड वाटलेला चढ असा लीलया पार करते, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा ऊर भरून आला. ते लपविण्याचे मला काहीच कारण नाही. फलाटावर उभे राहून आम्ही टाळ्या वाजविल्या. गाडी निघून गेली. ती येथे थांबत नाही.

त्यापाठोपाठ रस्ता आला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि नागपूर-मुंबई हा 701 किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. त्यातील सुमारे पावणेआठ किलोमीटर लांबीच्या जुळ्या बोगद्यांमुळे कसारा घाट आता काही मिनिटांत ओलांडता येतो. जुन्या घाटरस्त्यावर कंटेनर बंद पडला म्हणजे रुग्णवाहिकेसह सारे जग तासन्‌तास कसे अडकून पडे, हे ज्यांनी अनुभवले आहे ते या बोगद्याला नावे ठेवणार नाहीत. मीही ठेवीत नाही.

परंतु एक प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे. ही सारी वाचलेली मिनिटे नेमकी कोणाच्या खात्यावर जमा झाली?

समृद्धीवर दुचाकीला प्रवेश नाही. वेगाचा मार्ग असल्याने ते योग्यच आहे. पण इगतपुरी, घोटी आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरील नोकरदाराजवळ असते ती दुचाकीच. त्याच्यासाठी तोच जुना घाट, तेच खड्डे, तेच धुके. वंदे भारत त्याच्या गावात थांबत नाही, आणि थांबली असती तरी रोजच्या ये-जा करणाऱ्याला तिचे भाडे परवडले नसते. मनमाडहून मुंबईला जाणारी राज्यराणी 2020 च्या जानेवारीत नांदेडपर्यंत नेण्यात आली. मराठवाड्याची सोय झाली, त्याचा आनंदच आहे. पण रोज मुंबई गाठणाऱ्या नाशिककराच्या हातची एक हक्काची गाडी तेवढी सैल झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली, गाड्या बंद झाल्या, आणि नंतर त्या हळूहळू सुरू झाल्या तरी मासिक पासावर प्रवास करण्याची मुभा मिळण्यासाठी पासधारकांना दीर्घकाळ वाट पाहावी लागली. उरला तो 1 नोव्हेंबर 1975 पासून धावणाऱ्या पंचवटीचा आधार. ती चुकली तर तो दिवसच चुकला.

आता आमच्या गावातील पहाटेचे दृश्य पाहावे. मुंबईची उपनगरी गाडी कसाऱ्याला संपते. कसारा आणि इगतपुरी यांच्यामध्ये रुळांचे अंतर आहे अवघे सोळा किलोमीटर. ही उपनगरी गाडी घाट चढत नाही, म्हणून इगतपुरीचा तरुण उजाडण्यापूर्वी काळ्या-पिवळ्या जीपच्या शोधात उभा असतो. दहा माणसांच्या जागेत पंधरा माणसे कोंबली गेल्याशिवाय जीप हलत नाही. पुढे चालकाच्या बाजूला तिघे. त्यातील एकजण गिअरच्या दांड्याला पाय लागू नये म्हणून अर्धा वाकडा. पावसाळ्यात काचेवरचे धुके चालक फडक्याने पुशीत असतो. अशा स्थितीत घाट उतरून तो कसाऱ्याला पोहोचतो, आणि तेथून पुढे दोन-अडीच तास लोकल. संध्याकाळी हेच उलट. ज्याला आपण महानगरी जीवनाची दगदग म्हणून गौरवितो, तिची खरी झळ महानगराच्या काठावर लागते, आणि त्या झळीला वृत्तपत्रांत रकाना मिळत नाही. बोरिवलीची गर्दी बातमी होते. कसाऱ्याची जीप दरीत गेली तरच बातमी होते.

यावर ठरलेले उत्तर मला ठाऊक आहे. प्रत्येक गाडी प्रत्येक गावी थांबू लागली तर देश पुढे कसा जाणार? युक्तिवाद बिनतोड दिसतो. परंतु प्रत्येक गाडी थांबवा असे येथे कोणीही म्हणत नाही. मागणी साधी आहे, आणि ती आजची नाही: कसाऱ्याला येणाऱ्या लोकलला जोडून इगतपुरीपर्यंत काही तरी पोहोचवा. घाट चढणाऱ्या गाड्यांना ढकलून इगतपुरीला आणणारी इंजिने परत कसाऱ्याला उतरतात ती मोकळीच. दिवसातून कितीदा तरी उतरतात. त्यांच्याबरोबर चार डबे खाली नेता येतील की नाही, सुरक्षिततेच्या दृष्टीने ते शक्य आहे की अशक्य, हे तंत्रज्ञांनी सांगावे. मी कला शाखेचा पदवीधर आहे, मला त्यातले कळत नाही. मात्र एवढे कळते की पावणेआठ किलोमीटर डोंगर पोखरण्याचे आव्हान ज्या व्यवस्थेने पेलले, तिला सोळा किलोमीटर माणसे नेण्याचे कोडे सुटत नसेल, तर ती अडचण डोंगराची म्हणता येणार नाही. त्या माणसांचे वजन कोणत्याही तराजूत पडत नाही, हे तिचे खरे नाव आहे.

ही झाली सरकारच्या माथी मारण्याची गोष्ट. सगळेच त्याच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये, म्हणून डब्याच्या आतलेही थोडे सांगतो.

गेल्या पावसाळ्यात मी कल्याणहून निघालो होतो. खिडकीची जागा मिळाली होती; पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या आयुष्यात असे सोहळे वारंवार येत नाहीत. कसारा सुटला. समोर बसलेल्या सुशिक्षित गृहस्थांनी भ्रमणध्वनीवर चित्रफिती पाहण्यास प्रारंभ केला. कानाला काही लावण्याचा प्रश्नच नव्हता. दर अर्ध्या मिनिटाला नवे गाणे, नवा हशा, नवी किंकाळी. पलीकडे एक भगिनी मोठ्या आवाजात घरी भाजी कोणती करायची याच्या सूचना देत होत्या. बोगद्यात संपर्क तुटे आणि बाहेर आल्यावर त्या सूचना पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. मी नम्रपणे म्हणालो, "साहेब, जरा आवाज कमी करता का? बाहेर पाहा, केवढा धबधबा आहे." त्यांनी बाहेर पाहिले. मग भ्रमणध्वनी खिडकीकडे वळवून धबधब्याचे चित्रण केले, त्यावर गाणे चढविले आणि ते गाणे संपूर्ण डब्याला दोनदा ऐकविले.

हसू आले, रागही आला. रागावर बोलण्याचा मला अधिकार आहे, कारण याच मार्गावर निराळे उदाहरण घडलेले आहे. पंचवटी एक्स्प्रेसमधील पासधारकांनी 2007 साली आपला एक डबा आदर्श डबा म्हणून चालवायला घेतला. स्वच्छता, शांतता, पत्त्यांचे डाव नाहीत, आरडाओरडा नाही. ना पोलीस, ना दंड. रोज पहाटे उठून दमलेल्या माणसांनीच एकमेकांना घातलेली ही शिस्त. डब्यात बसलेला दुसरा माणूसही आपल्यासारखाच थकलेला आहे, ही जाणीव त्यामागे होती. जी गोष्ट पासधारकांना जमली, ती पर्यटकांना का जमू नये?

पर्यटक म्हटले की शनिवार-रविवारचे दृश्य डोळ्यांसमोर येते. भावली धरणाच्या रस्त्यावर मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग लागते. चारही दारे उघडी, आतून ढोल वाजल्यासारखे संगीत, धबधब्याखाली ओली माणसे आणि धबधब्यापेक्षा मोठा आवाज. सोमवारी सकाळी त्याच ओढ्यात बाटल्यांच्या काचा असतात, आणि तेथेच गुरे पाण्यावर येतात. एका गुराख्याच्या पोराचा पाय कापलेला मी स्वतः पाहिला आहे. 2021 च्या जूनमध्ये इगतपुरीतील एका बंगल्यावर पोलिसांचा छापा पडला आणि अमली पदार्थांच्या बातमीने गावाचे नाव देशभर गेले. तोवर ज्यांनी इगतपुरीचे नाव ऐकले नव्हते, त्यांना ते अशा रीतीने कळले. गावाचा त्यात दोष एवढाच की तेथे पाऊस चांगला पडतो.

त्या पावसाचीही एक कथा आहे. इगतपुरी तालुक्यात पाऊस मोजायला शेकड्यांनी नव्हे, हजारो मिलिमीटरनी सुरुवात करावी लागते. ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मुंबईची तहान भागविते, दारणेचे पाणी गोदावरीच्या कालव्यांतून खालच्या शेतांना मिळते. आणि याच तालुक्यातील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात आयाबाया डोक्यावर हंडे घेऊन उतार उतरताना दिसतात. सुट्टीसाठी आलेला पाहुणा तरणतलावात उतरतो तेव्हा त्याला हे ठाऊक नसते. ते त्याला कोणी सांगतही नाही. आपल्या घरच्या नळाला येणारे पाणी कोठून येते हे ज्याला माहीत नाही, त्याला त्या पाण्याच्या काठावर बाटली फोडू नये हे कसे सुचावे?

आणि गंमत पाहा. याच गावात, स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, धम्मगिरी आहे. सत्यनारायण गोयंकाजींनी सुरू केलेल्या या विपश्यना केंद्रात 1976 पासून शिबिरे होत आहेत. देशोदेशींची माणसे दहा दिवसांसाठी येतात, दारातच भ्रमणध्वनी जमा करतात आणि मौन धरतात. शुल्क काही नाही. शिबिर पार पडल्यावर ज्याला जे द्यावेसे वाटेल ते दान. मी त्या मार्गाचा साधक नाही, त्यामुळे साधनेविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण शिबिर आटोपून फलाटावर आलेली माणसे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ती बाकावर बसतात, काही करीत नाहीत, समोरच्या डोंगराकडे पाहत राहतात. दहा दिवसांनी त्यांच्या हाती तोच भ्रमणध्वनी परत आलेला असतो. काहीजण तो लगेच चालू करतात. काहीजण मात्र पिशवीत तसाच ठेवून आधी वडा घेतात.

अशा एका गृहस्थांशी मागे बोलणे झाले. मुंबईतल्या कुठल्याशा मोठ्या कचेरीतले होते. म्हणाले, "दहा दिवसांत सर्वांत अवघड काय गेले सांगू? काहीही न करता बसणे." मला त्यांचे कौतुक वाटले आणि थोडी कीवही आली. आम्हाला हे बसणे रेल्वेने फुकट शिकविले होते. इंजिन बदलेपर्यंत पाव तास काहीच करण्यासारखे नसे. डब्यातली अनोळखी माणसे एकमेकांना गाव विचारीत, कोणी शिदोरी सोडी, कोणी वर्तमानपत्राचे मधले पान शेजाऱ्याला देई. त्या पाव तासाला तेव्हाही आम्ही खोळंबाच म्हणत होतो, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. आमच्यातले कित्येकजण घड्याळाकडे पाहून रेल्वेला शिव्या देत.

त्यामुळे जुना खोळंबा परत आणा असे मी म्हणणार नाही. घाटात इंजिने बदलत बसा, बोगदा बुजवा, असे म्हणणे वेडगळपणाचे होईल. ज्याला घाईने नागपूरला जायचे आहे त्याने जावे. माझे भांडण आहे ते हिशेबाशी. गाव ओलांडून जाणाऱ्यांची चाळीस मिनिटे वाचली की तिचे फलक लागतात, फिती कापल्या जातात. गावातच राहणाऱ्याचे रोजचे दोन तास जीपच्या रांगेत गेले तर ते कोठेच धरले जात नाहीत. इगतपुरीला धरण हवे तेव्हा जागा सापडली, महामार्ग हवा तेव्हा सापडली, बंगल्यांसाठी तर डोंगरच्या डोंगर सापडले. कसाऱ्याच्या लोकलला जोडणारी गाडी मागितली की मात्र घाट आडवा येतो.

परवा सकाळी स्थानकावर गेलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता. वडेवाल्याने घाणा काढून जाळीवर ठेवला आणि सवयीने सिग्नलकडे पाहिले. गाडी आली, वेग कमी न करता गेली. फलाटावरचे कागद तिच्यामागे थोडे उडाले. माझ्या शेजारी एक म्हातारे बाबा पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी विचारले, "ही कसाऱ्याला थांबते का?" मी म्हणालो, "नाही बाबा, ही कल्याणच्या अलीकडे थांबत नाही." त्यांनी मान डोलावली, पिशवी उचलली आणि जीपच्या दिशेने निघाले.