युद्ध, श्रद्धा आणि मधलीं वर्षें

मागच्या महिन्यांत परभणीस एका साहित्यसभेला जाण्याचा योग आला. अध्यक्षस्थानीं बसलेल्या विद्वान् गृहस्थांनीं मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा निकाल पांच मिनिटांत लावून टाकला. त्यांच्या म्हणण्याचें सार असें : युरोपांतील ख्रिस्ती लेखकांनीं दोन महायुद्धें अंगावर घेतलीं, म्हणून त्यांची श्रद्धा तावूनसुलाखून निघाली, आमच्याकडील ख्रिस्ती लेखकांना खंदक ठाऊक नाहीं, म्हणून त्यांची श्रद्धा म्हणजे अभंगाच्या घोंगडीला लावलेलें विलायती ठिगळ. टाळ्या पडल्या. एस. टी. नें पालमला परततांना मी त्या टाळ्यांचाच विचार करीत होतों, कारण टाळ्या वाजविणारांत माझे दोन विद्यार्थी होते.

या विधानांत दोन चुका आहेत आणि पहिली अधिक घातक आहे. युद्ध श्रद्धा देतें, ही ती चूक. तिच्या पुराव्यादाखल सी. एस. लुइस यांचें नांव घेण्याची चाल आहे. त्या सभेंतहि तें घेतलें गेलें. आतां लुइस यांचें चरित्र पाहा. १९१८ च्या एप्रिलांत फ्रान्समध्यें तोफगोळ्याच्या तुकड्यांनीं ते जखमी झाले. युद्धावर गेले तेव्हां नास्तिक होते, परतले तेव्हांहि नास्तिकच. १९१९ सालीं टोपण नांवानें त्यांनीं जो कवितासंग्रह छापला त्यांत ईश्वराशीं भांडण आहे, शरणागति नाहीं. ख्रिस्ताचा स्वीकार त्यांनीं केला तो १९३१ मध्यें. खंदक आणि प्रार्थना यांच्यामध्यें तेरा वर्षें पडलीं आहेत. त्या तेरा वर्षांत वाचन आहे, वडिलांचा मृत्यु आहे, मित्रांशीं रात्रीं जागविलेले वाद आहेत. त्या मित्रांपैकीं टोल्कीन हे सोमच्या लढाईंतून परतलेले. पण त्यांचीहि श्रद्धा सोमची नव्हे, लहानपणीं आईच्या हातून मिळालेली. उलट विल्फ्रेड ओवेन यांचा विश्वास युद्धानें मोडला असें सांगतात. परंतु डन्सडेन येथील पाद्र्याच्या हाताखालचें काम सोडून ते १९१३ सालींच बाहेर पडले होते! त्याच युद्धांत स्टडर्ट केनेडी हे पलटणीचे पाद्री शिपायांस सिगारेटी वाटीत हिंडले, आणि सिंहासनस्थ सर्वशक्तिमान् ईश्वर टाकून, माणसाबरोबर दुःख भोगणारा ईश्वर घेऊन परतले. युद्ध एक, निष्पत्ति तीन प्रकारची. मग कारण युद्धांत शोधावयाचें कीं माणसांत?

हें कळण्यास युरोपांत जाण्याचीहि गरज नाहीं. १९४८ च्या पावसाळ्यांत, रझाकारीच्या दिवसांत, माझी आजी व तिची धाकटी बहीण गांव सोडून गोदाकांठच्या एका मळ्यांत लपून राहिल्या होत्या. गोठा एक, रात्र एक, भीतीहि एकच. पुढें आजीनें पंढरीची वारी धरली ती गुडघे थकेपर्यंत. धाकटीनें देव्हाऱ्यापुढें पुन्हां कधीं हात जोडले नाहींत. पुष्कळ वर्षांनीं मीं धाकटीस कारण विचारलें, तर म्हणाली, "मी पहिल्यापासूनच तशी होते रे बाबा, त्या रात्री नुसतं कबूल केलं."

दुसरी चूक अज्ञानाची आहे, म्हणून तिच्यावर रागावण्यांत अर्थ नाहीं. पहिल्या महायुद्धांत सरकारनें अहमदनगर येथें जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांसाठीं बंदिछावणी उघडली. या देशांत धर्मोपदेश करणारे जर्मन मिशनरीहि त्या तारेच्या कुंपणाआड गेले. ख्रिस्ताच्या सेवकांस ख्रिस्ती सरकारनेंच कोंडलें! आणि कोंडलें तें अशा गांवीं, जेथें रेव्हरंड नारायण वामन टिळक वीस वर्षें राहत होते व 'ज्ञानोदया'चा मराठी भाग संपादीत होते. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनींहि एका ख्रिस्ताभोंवतीं बसावें अशी त्याची कल्पना. आमचे टीकाकार याचें कारण गोऱ्या मिशनऱ्यांशीं मतभेद, एवढेंच देतात. मतभेद होतेच, पण सालाकडे कोणी पाहत नाहीं. जर्मन शिपायाच्या कंबरपट्ट्यावर 'देव आमच्या बाजूस' अशीं अक्षरें होतीं, आणि इंग्रजी चर्चांतून त्याच देवाकडे इंग्रजांचा जय मागितला जात होता. अशा वेळीं ख्रिस्ताला पाश्चात्त्यांच्या वेष्टनांतून सोडवून आपल्या भूमीवर बसवावा, असें एका मराठी कवीस तांतडीनें वाटलें, यांत युद्धाचा कांहींच वांटा नाहीं काय? हें सिद्ध झालें असें मी म्हणत नाहीं. माझा तर्क आहे. परंतु ज्यांनीं तर्काचेहि कष्ट घेतले नाहींत त्यांनीं निकाल देऊं नये.

पंडिता रमाबाईंचें युद्ध दुष्काळाशीं होतें. दुष्काळ म्हणजे युद्ध नव्हे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. तो घेणारांनीं उपाशी मेलेल्या माणसाचे नातलग एकदां भेटावेत. आईबाप व बहीण गमावून रमाबाई भावाबरोबर देशभर पायीं हिंडल्या. देवांवरचा विश्वास तेथेंच उडाला, पण नवा लगेच बसला नाहीं. कलकत्त्यास 'पंडिता' ही पदवी, १८८० मध्यें विवाह, दोन वर्षांत वैधव्य, आणि मग १८८३ त इंग्लंडमध्यें बाप्तिस्मा. येथेंहि मधलीं वर्षें आहेतच. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों मुली त्यांनीं आणल्या. युरोप जळत होता त्या काळांत त्या केडगांवीं बसून हिब्रू व ग्रीक मुळावरून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करीत होत्या. छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्याहि मुक्तिसदनांतील बायकाच. हें काम १९२२ सालीं, त्यांच्या मृत्यूच्या सुमारास, पुरें झालें. यास विलायती ठिगळ म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. रणांगणाचें प्रत्यक्ष चित्र मराठी ख्रिस्ती लेखनांत फारसें सांपडत नाहीं. पण हा दोष एकट्या त्या लहानशा समाजाच्या माथीं कां? मेसापोटेमियांत कूतच्या वेढ्यांत १४७ दिवस अडकलेली फौज 'पुणें डिव्हिजन' या नांवाची होती. तींत मराठा पलटणी होत्या. १९१६ च्या एप्रिलअखेर ती शरण गेली. त्या उपासमारीवर आम्हां बहुसंख्यांच्या वाङ्मयानें किती पानें खर्च केलीं? आणि आमच्या मराठवाड्यानें १९४८ सालीं जें भोगलें, त्यानें आमच्या देवाधर्माचें काय झालें, हा प्रश्न तरी आमच्या किती कादंबऱ्यांनीं विचारला? स्वतःच्या घरचा हिशेब कोरा ठेवून शेजाऱ्याची चोपडी तपासण्याचा हा उद्योग मला शोभादायक वाटत नाहीं.

त्या दोघां विद्यार्थ्यांस मीं लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' वाचावयास दिलीं आहेत; प्रती माझ्याच, थोड्या फाटलेल्या. एकानें अजून पुस्तक उघडलेलें नाहीं. दुसरा प्लेगपर्यंत पोंचला आहे, आणि परत करण्याचें नांव घेत नाहीं.